लाइट गेल्यावर घर किती तास तग धरतं?

पत्र : आम्ही मूळचे चोपडा तालुक्यातले. तीस वर्षं पिंपरीत नोकरी झाली, येत्या जूनमध्ये निवृत्त होतोय आणि परत खानदेशात यायचं मनात आहे. आई 78 वर्षांची, गावच्या धाब्याच्या (सपाट मातीच्या छताच्या) घरात राहते. पुढे तीन पर्याय आहेत. एक, जळगावात पाच मजली इमारतीत सगळ्यात वरचा फ्लॅट, गॅलरी पश्चिमेला. त्याच इमारतीतल्या तिसऱ्या मजल्यापेक्षा चार लाखांनी स्वस्त. दोन, शहराबाहेरच्या नव्या प्लॉटिंगमध्ये रो-हाउस, स्वतःची बोअरवेल. तीन, गावचंच घर नीट करणं. मुलगा म्हणतो, "पप्पा, एसी लावला की पाचवा मजला काय नि तळमजला काय, सगळं सारखंच." बायको म्हणते, मे महिन्यात तिथे राहून दाखवा. काय करावं? – एक वाचक, पिंपरी

उत्तर : भाऊ, मुलाचं म्हणणं अर्धं खरं आहे. लोक फसतात ते याच अर्ध्या खऱ्यापायी.

थंडाव्याच्या यंत्राने माणसांची राहायची ठिकाणं बदलली, हे खरंच. विलिस कॅरियर या अमेरिकन इंजिनिअरने 1902 साली न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी पहिली यंत्रणा आखली, तीही माणसांसाठी नव्हे; दमट हवेत कागद फुगायचा आणि छपाईचे रंग जागेवर बसायचे नाहीत म्हणून. घराघरात एसी शिरला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. ॲरिझोनाच्या वाळवंटातलं फिनिक्स 1950 मध्ये जेमतेम लाखाच्या वस्तीचं होतं, 2020 च्या जनगणनेत ते 16 लाखांवर गेलं. फ्लोरिडा राज्य त्याच काळात 28 लाखांवरून 2 कोटी 15 लाखांवर पोचलं. स्वस्त जमीन, रस्ते, कारखाने, पेन्शनर मंडळी, कारणं बरीच होती. पण एसीशिवाय एवढी माणसं तिकडे टिकली नसती. एसीच्या आधी फिनिक्सची माणसं काय करायची? ओल्या चादरी लावून ओसरीत झोपायची, आणि 1930 च्या दशकापासून कूलर लावायची. म्हणजे आपल्यासारखंच.

पण त्या मागोमाग तिथे घरंही बदलली. ओसऱ्या गेल्या, उंच छतं गेली, समोरासमोरच्या खिडक्या गेल्या. यंत्र आहे म्हटल्यावर या गोष्टींवर खर्च कोण करतो? जळगाव-धुळ्यात नवे फ्लॅट बघा. साडेनऊ फुटी छत, पश्चिमेला मोठी काच, हवेला आरपार वाट नाही. असं घर यंत्र चालू आहे तोवरच घर असतं. म्हणून घर निवडताना विचारायचा प्रश्न एकच: मे महिन्यात दुपारी दोनला लाइट गेली आणि संध्याकाळी पाचला आली, तर मधले तीन तास आई कुठे बसेल?

आमचं मत आधीच सांगतो. रो-हाउस घ्या, पण पाणी आणि फीडर (वीज आणणारी लाइन) तपासून. त्यात ते नापास झालं तर तिसरा मजला. पाचवा नको. गावचं घर मात्र मोडू नका.

चार लाखांचं गणित

पाचवा मजला स्वस्त का, तर स्लॅबमुळे. पाच इंची आरसीसी स्लॅब दिवसभर ऊन पितो. मे महिन्यात त्याचा वरचा पृष्ठभाग 60 अंशांच्या पुढे जातो. ती उष्णता खाली उतरायला तीन-चार तास लागतात. म्हणून वरच्या मजल्यावर दुपारपेक्षा रात्री नऊ वाजता जास्त उकडतं: बाहेर वारा सुटलेला असतो आणि डोक्यावरचा स्लॅब दुपारचं ऊन खाली सोडत असतो. बारा बाय बाराच्या खोलीत नुसत्या छतातून भर उन्हात सव्वा ते दीड किलोवॉट उष्णता येते. एसीच्या भाषेत जवळजवळ अर्धा टन. तिसऱ्या मजल्यावर एक टनात भागतं तिथे इथे दीड टन लागतो, तो यामुळे.

आता गंमत बघा. या जास्तीच्या उष्णतेपायी दोन खोल्यांत मिळून दिवसाला पाच-सहा युनिट जादा जळतील, चार महिन्यांचे सहा-सातशे. महावितरणचे दर 100, 300 आणि 500 युनिटांच्या टप्प्यांवर चढत जातात, आणि ही जादा युनिटं वरच्याच टप्प्यात पडतात. तरी वर्षाचे दहा हजार धरा. म्हणजे बिलातून चार लाख फिटायला चाळीस वर्षं लागतील! हिशेब नुसता पैशांचा असता तर मुलगा जिंकला होता. पण लाइट गेली की तिसऱ्या मजल्याची खोली हळूहळू तापते, तिच्या डोक्यावर दुसऱ्याचं घर असतं. पाचव्याची तासा-दीड तासात भट्टी होते. ते चार लाख त्या फरकाचे आहेत.

खात्री करायची तर इसार द्यायच्या आधी एप्रिलअखेर रात्री नऊला दोन्ही फ्लॅटमध्ये जा. स्टुलावर चढा, छताला तळहात लावा, मग पश्चिमेच्या भिंतीला लावा. पिस्तुलासारखं इन्फ्रारेड थर्मामीटर हजार-बाराशेत मिळतं, ते असेल तर आकडा लिहून ठेवा. बिल्डर सकाळी अकराला दाखवायला बोलावतो, तेव्हा वरचा फ्लॅटही गारच वाटतो.

वरचाच घ्यावा लागला तर गच्चीवर पांढरा थर द्यायचा. सगळ्यात स्वस्त चुना: दहा किलो विरवलेला चुना, दोन किलो पांढरं सिमेंट, अर्धा लिटर ॲक्रिलिक बाँडिंग रेझिन, आणि दाट दुधासारखं होईल इतकं पाणी. यात साधारण अडीचशे चौरस फुटांना दोन हात बसतात. आधी गच्ची खराट्याने खरवडून धुवा, भेगा भरून घ्या. काम फेब्रुवारी-मार्चमध्ये, उन्हं उतरल्यावर करा. तापलेल्या स्लॅबवर चुना ओढला की पाणी लगेच उडून जातं आणि आठवड्यात भुकटी हाताला लागते. मग लोक चुन्याला नावं ठेवतात. हा थर एका पावसाळ्यात धुऊन जातो. तयार मिळणारा परावर्तक रंग तीन-चार वर्षं टिकतो, पण आपल्याकडची धूळ बसली की त्याचाही निम्मा गुण जातो, दर पंधरवड्याला धुवावं लागतं. पक्का इलाज म्हणजे 50 मिलीमीटर जाडीचे एक्सपीएस फोमचे पत्रे, वर कोबा, त्यावर चायना मोझॅक (फुटक्या फरशांचे तुकडे). छतातून येणारी उष्णता यात पाचव्या-सहाव्या हिश्श्यावर येते. फक्त गच्ची सोसायटीची असते, तुमची नव्हे. परवानगी ठरावात लेखी घ्या, "करा हो, कोण बघतंय" यावर जाऊ नका.

कूलर: खानदेशाला लाभलेलं यंत्र

मे महिन्यात इथली हवा 43-44 अंश आणि दुपारची आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास किंवा खाली. अशा हवेत ओला कपडा 25 अंशांपर्यंत गार होऊ शकतो. बरे पॅड असलेला कूलर या फरकाचा सत्तर-ऐंशी टक्के भाग पदरात पाडतो, म्हणजे तोंडाशी 29-30 अंशांची हवा. खर्च मोठ्या पत्र्याच्या कूलरला पंपासकट 200 वॉट. जुलैत हवा 33 अंश आणि आर्द्रता 75 टक्के झाली की हाच कूलर जेमतेम तीन अंश उतरवतो आणि वर गादीला ओल आणतो. जळगाव मे महिन्यात कोरडं फिनिक्स असतं आणि ऑगस्टमध्ये थोडं दमट फ्लोरिडा. दोन्हींना एकच यंत्र पुरत नाही.

कूलर नीट न चालण्याची कारणं बहुतेक घरांत तीच ती. पहिलं, खोली बंद. कूलर आत हवा ढकलतो, ती बाहेर जायला वाट हवी. दर तासाला हजार घनमीटर हवेमागे दीड चौरस फूट उघडी खिडकी, आणि ती कूलरच्या समोरच्या बाजूला. बारा बाय बारा बाय दहाच्या खोलीला 1,200 ते 1,600 घनमीटर पुरतात, पण खोक्यावरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो. त्याचा निम्मा धरा. दुसरं, कूलर पश्चिमेला उन्हात ठेवलेला. उत्तर किंवा पूर्वेच्या सावलीत हलवला तर तोच कूलर बरा वाटायला लागतो.

तिसरं कारण पाणी, आणि हे तुमच्या रो-हाउसला थेट लागू आहे. मोठा कूलर तासाला आठ ते बारा लिटर पाणी उडवतो, दहा तासांचे शंभर लिटर. पाणी उडतं, क्षार टाकीत राहतात. बोअरच्या जड पाण्यात पंधरा दिवसांत पॅडवर पांढरी खपली धरते, वरच्या नळीची भोकं बुजतात आणि पॅडचे पट्टे कोरडे पडतात. त्या कोरड्या पट्ट्यातून 43 अंशांची हवा तशीच आत येते. भोकं दाभणाने मोकळी करा, टाकी दर तीन-चार दिवसांनी पूर्ण रिकामी करा, आणि आठवड्यातून एकदा घासून कोरडी ठेवा. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. वाळ्याचे पॅड वासाला चांगले पण दर उन्हाळ्यात बदलावे लागतात. हनीकोंब (पुठ्ठ्याच्या जाळीचा पॅड) दोन-तीन उन्हाळे जातो, जड पाण्यात त्याहून कमी.

एक गोष्ट पैसे वाचवायच्या यादीतून काढून टाका: पत्र्याच्या कूलरची अर्थिंग. ओला पत्रा, ओली फरशी, अनवाणी पाय. बोर्डात 30 मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवा, थ्री-पिन सॉकेटची अर्थ खरोखर जमिनीत उतरली आहे का ते वायरमनकडून मोजून घ्या, आणि टाकीत पाणी ओतताना प्लग काढा. स्विच बंद करणं पुरेसं नाही, प्लग काढा.

कूलरचा मोठा गुण लाइट गेल्यावर कळतो. 150 एएचच्या बॅटरीवर एक कूलर, एक बीएलडीसी (कमी वीज खाणारा) पंखा आणि दोन दिवे साडेतीन-चार तास चालतात. इन्व्हर्टर साइन वेव्हचाच घ्या. चौकोनी लहरीवर कूलरची मोटर गुरगुरते आणि तापते. एसी मात्र या घरगुती इन्व्हर्टरवर चालत नाही. नुसता पंखाही पुरत नाही: 40 अंशांच्या वर कोरड्या अंगावर पंखा गरम हवाच फेकतो. आईचं वय बघता हे लक्षात ठेवा. कूलर नसेल त्या वेळी अंगावर ओला पंचा आणि मग पंखा.

एसी घेणार असाल तर

पावसाळा आणि ऑक्टोबरच्या उकाड्यासाठी एका खोलीत एसी हवाच. त्या एका खोलीचं दार-खिडकी नीट मिटणारी करा आणि तिथेच थांबा. एसीची क्षमता बाहेर 35 अंश धरून मोजलेली असते. 45 ला दीड टनाचा एसी दीड टन देत नाही. म्हणून घेताना स्टारच्या जोडीला किती बाहेरच्या तापमानापर्यंत चालतो हे माहितीपत्रकात बघा. 46 वर थांबणारा एसी खानदेशात नेमका हवा त्या दिवशी बंद पडतो. 52 पर्यंतचा घ्या.

त्याहून जास्त घोळ बाहेरच्या युनिटच्या जागेचा. फ्लॅटमध्ये तो डक्टमध्ये (इमारतीतल्या अरुंद उभ्या पोकळीत) टांगतात. दीड टनाचा एसी भर कामात बाहेर सहा-साडेसहा किलोवॉट उष्णता ओततो. तीन मजल्यांचे तीन एसी एकाच डक्टमध्ये असले की गरम हवा वर चढते आणि सगळ्यात वरच्या मजल्याचा एसी तीच परत ओढतो. म्हणजे पुन्हा तुमचा पाचवा मजला! युनिटच्या मागे फूटभर आणि समोर किमान तीन फूट मोकळं हवं. गॅलरीला काचा लावून युनिट आत कोंडलेला दिसला की तो फ्लॅट कागदोपत्री थंड समजा. बसवताना व्हॅक्यूम पंप लावून नळीतली हवा काढायला लावा. घाईत असलेला मेकॅनिक गॅस थोडा सोडून हवा बाहेर ढकलतो, आणि राहिलेली ओल पुढे त्रास देते. तांब्याची 4 चौरस मिलीमीटर वायर आणि स्वतंत्र एमसीबी. तापमान 25-26 वर ठेवून वर पंखा लावा. एकेका अंशाला साधारण सहा टक्के वीज वाचते.

गावचं घर

धाब्याच्या घराला आज लोक "जुनाट" म्हणतात, पण लाइट नसताना टिकायचं तर तेच तिन्हींत सरस. दीड-दोन फुटी मातीची भिंत आणि नऊ इंच मातीचं छत दुपारचं ऊन आत पोचवायला रात्र करतात, आणि तोवर बाहेर गार झालेलं असतं. दुपारी आत, रात्री धाब्यावर बाज टाकून: हे वेळापत्रक त्या भिंतींच्या हिशेबानेच ठरलेलं होतं.

खेड्याखेड्यांत घडते ती चूक अशी. धाबं गळतं, मग ते उतरवून पत्रे टाकतात. घर तापतं, मग कूलर, मग एसी. पत्र्याखाली एसी लावणं म्हणजे फाटक्या पोत्यात धान्य भरणं. त्यापेक्षा धाबं दुरुस्त करा. आधी वजन बघा. नऊ इंच माती चौरस मीटरला साडेतीनशे किलोच्या वर जाते, आणि पावसात भिजली की आणखी. दर वर्षी जुनी न खरवडता नवी खारी माती चढवत गेलात तर तुळया वाकतात आणि झडीच्या पावसात छत खाली येतं. जुना सैल थर काढा, मगच नवा दोन इंच द्या. तुळईची टोकं भिंतीत जातात तिथे स्क्रू-ड्रायव्हर खुपसून बघा. सहज आत गेला तर वाळवीने आतून पोखरलंय, ती तुळई बदला. उतार पन्हळीकडे ठेवा, उंदरांची बिळं चुन्याने बुजवा. भिंतींना आतून सिमेंटचं प्लास्टर करू नका, मातीतली ओल कोंडते आणि दोन वर्षांत पापुद्रे सुटतात; माती-शेणाचा किंवा चुन्याचा गिलावा द्या.

या घरात कूलर लावा, एसी नको. कडीपाटाच्या (छताच्या तुळया-फळ्यांच्या) फटींतून थंड हवा पळून जाईल. कूलरही खिडकी उघडी ठेवून, नाहीतर दमट हवेने भिंती पाझरतील आणि वाळवीला आयतं निमंत्रण. घर गावठाणात असेल तर गावठाण फीडरवर असतं, म्हणून लाइट बरीच राहते. मळ्यातल्या घराला शेतीच्या फीडरवर आठ-दहा तासच मिळते, तीही कधी दिवसा कधी रात्री. तिथे राहायला जाण्याचा विचार असेल तर सोडा.

रो-हाउस बघताना

नव्या प्लॉटिंगमध्ये तीन गोष्टी. ट्रान्सफॉर्मर कुठे आहे? लाइनच्या शेवटच्या टोकाला मे महिन्यात रात्री आठला व्होल्टेज 180 च्या खाली येऊ शकतं, आणि तेव्हा बरेच एसी सुरूच होत नाहीत. शेजाऱ्याच्या घरात त्या वेळी जाऊन मल्टिमीटर लावून बघा, मीटर वायरमनचा चालेल. दुसरं, बोअर एप्रिल-मे मध्ये टिकते का. आत्ता चाललेली बोअर दाखवतील. तासभर सलग पंप चालवायला सांगा आणि पाण्याची धार बारीक होते का ते बघा. कूलरचे शंभर लिटर रोज, चार महिने, हे तुमच्या नेहमीच्या वापराच्या वर आहेत. तिसरं, झाडं. नव्या कॉलनीत सावली नसते. पश्चिमेला कडुनिंब आजच लावा, चार-पाच वर्षांत भिंतीवर सावली पडेल. तोवर हिरवी शेडनेट भिंतीपासून फूटभर दूर ताणा. भिंतीला चिकटवली तर मधे हवा खेळत नाही आणि फारसा उपयोग होत नाही.

रो-हाउसचा स्लॅब तुमचा असतो, हा त्याचा खरा फायदा. त्यावर सौर पॅनेल लावता येतं. 2024 पासूनच्या पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॉटला 78,000 रुपये अनुदान आहे; एवढं पॅनेल तीनशे चौरस फूट अडवतं, दिवसाला साधारण बारा युनिट देतं आणि खालच्या स्लॅबला सावली करतं. मात्र साधी ऑन-ग्रिड यंत्रणा लाइट गेली की स्वतःही बंद पडते, लाइनवर काम करणाऱ्याला शॉक बसू नये म्हणून. "सोलर आहे, आता काय भीती" म्हणून बॅटरीचा इन्व्हर्टर विकून टाकणारे याच ठिकाणी पस्तावतात.

आई गाव सोडायला लगेच तयार होणार नाहीत, हे गृहीत धरा. या उन्हाळ्यात त्यांच्या घरातल्या पूर्वेच्या खिडकीला एक कूलर, आरसीसीबी आणि एक बॅटरी एवढंच करा. तुम्ही जूनमध्ये याल तोवर पाऊस तोंडावर असेल, रो-हाउसचं व्होल्टेज आणि बोअर दोन्ही तपासायची वेळ निघून गेलेली असेल. म्हणून निवृत्तीची वाट न बघता एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात दोन रात्रींसाठी या, थर्मामीटर बरोबर आणा, आणि वहिनींनाही घेऊन या.